थंड कॅमेरा, रोलिंग शटर आणि फ्लॅटमधले पट्टे

तेजोमेघांच्या फोटोंसाठी डीएसएलआर बाजूला ठेवून कूलिंगवाला छोटा कॅमेरा घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला सगळ्यात जास्त छळलं ते ‘रोलिंग शटर’ या दोन शब्दांनी. फिरत्या पंख्याची पाती व्हिडिओत वाकडी दिसतात ती याच शटरमुळे. मग असा सेन्सर ताऱ्यांसाठी कसा चालेल?

थोडं खोलात गेल्यावर चित्र स्पष्ट झालं. रोलिंग शटरचा सेन्सर अख्खी फ्रेम एका क्षणी उचलत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो. माझ्या कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स ५३३ आहे: ३००८ × ३००८ पिक्सेलचा चौरस सेन्सर, एकेक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. पूर्ण फ्रेम तो सेकंदाला साधारण २० वेळा वाचू शकतो, म्हणजे पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यात सुमारे ५० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. मात्र उजेड प्रत्येक ओळीला सारखाच वेळ मिळतो. फक्त तिची सुरुवात आणि शेवट थोडे पुढे सरकतात. पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये एवढ्याशा फरकाला काही अर्थच उरत नाही. दीर्घिका आणि तेजोमेघ टिपणाऱ्याने या शब्दाला घाबरून चांगला सेन्सर नाकारू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

दुर्बिणीशी जुळणी करताना गणित सोपं होतं. २०६.२६५ ला पिक्सेलच्या आकाराने गुणायचं आणि फोकल लेंग्थने भागायचं. ५०० मिमीच्या दुर्बिणीवर एका पिक्सेलमागे साधारण १.५५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) येतात, आणि चौकट १.३ अंशाची. देवयानी दीर्घिका यात मावत नाही, त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ छान मावते. पहिलं लक्ष्य म्हणून तीच निवडली. फ्लॅटनर म्हणजे कडांपर्यंत तारे नेमके ठेवणारं भिंग; त्यापासून सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर हवं होतं. मध्ये फिल्टर आला की त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश अंतर वाढवावं लागतं. पातळ रिंगा घालून ते जमवलं.

कूलिंगबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. या कॅमेऱ्यांत पेल्टियर असतो, म्हणजे विजेवर एका बाजूने थंड होणारी चकती. तो सेन्सरला भोवतालच्या हवेपेक्षा ३०-३५ अंशांनी थंड करू शकतो, पण त्यासाठी यूएसबीची वीज पुरत नाही, वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. वायर लांब आणि बारीक असेल तर कॅमेऱ्यापर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं, म्हणून मी जाड वायर वापरली. सेन्सर साधारण ६-७ अंशांनी तापला की डार्क करंट, म्हणजे अंधारातही उष्णतेने पिक्सेलमध्ये जमणारा खोटा सिग्नल, दुप्पट होतो, त्यामुळे थंडाव्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते स्थिर तापमान. उकाड्याच्या रात्री उणे १० अंशांचा हट्ट धरला की कूलर शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो आणि तापमान हळूहळू वर सरकू लागतं. मग डार्क फ्रेम, म्हणजे हा खोटा सिग्नल वजा करण्यासाठी झाकण लावून घेतलेल्या फ्रेम, जुळणार कशा? अशा वेळी मी सरळ ० अंश लावते, कूलर ७०-७५ टक्क्यांवर राहतो, आणि त्या तापमानाचे डार्क आधीच तयार असतात. या कॅमेऱ्यांत यांत्रिक शटर नसल्यामुळे डार्क घेताना झाकण घट्ट लावून वर काळं कापड गुंडाळावं लागतं. गेन (सिग्नल किती वाढवायचा), ऑफसेट (शून्याची पातळी), तापमान, एक्स्पोजर, चारही लाइट फ्रेमसारखेच, म्हणजे आकाशाच्या खऱ्या फोटोंसारखेच हवेत.

आता फ्लॅट, म्हणजे धुळीचे डाग आणि कडांचा अंधार फोटोतून काढण्यासाठी एकसारख्या उजेडावर घेतलेली फ्रेम. रोलिंग शटर खरोखर दिसलं ते इथेच.

दुर्बिणीच्या तोंडावर एलईडीचं पॅनेल ठेवलं, उजेड कमी केला, ऑटोने काही मिलिसेकंदांचं एक्स्पोजर सुचवलं. फ्रेम उघडून कॉन्ट्रास्ट ताणला तर आडवे फिकट-गडद पट्टे, अगदी समान अंतरावर. पुढच्या फ्रेममध्येही तेवढेच पट्टे, पण जरा खाली सरकलेले. हे सरकणंच कारण सांगत होतं. धूळ किंवा कडांचा अंधार जागा बदलत नाही. पॅनेलचा उजेड कमी करताना त्यातले दिवे मंद होत नाहीत, ते झपाट्याने चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, पण ओळीमागून ओळ वाचणाऱ्या सेन्सरला कळतं: एका ओळीच्या वाट्याला दिवा जास्त वेळ चालू आला, दुसरीच्या वाट्याला कमी. समजा दिवे सेकंदाला २०० वेळा लुकलुकत असतील, तर ५० मिलिसेकंदांच्या वाचनात दहा पट्टे उमटणार. असा फ्लॅट लाइट फ्रेमला लावला तर एम ३३ च्या फिकट भुजांवर तेच पट्टे उलटे बसतात.

उपाय एक्स्पोजर वाढवण्यात आहे. दोन सेकंदांत तेच दिवे ४०० वेळा लुकलुकतात. एखादं आवर्तन एका ओळीला कमी-जास्त मिळालं तरी फरक पाव टक्क्याहून जास्त होत नाही. पॅनेल पूर्ण उजेडावर ठेवून त्यावर पांढऱ्या कागदाचे थर चढवत गेले, एक्स्पोजर अडीच सेकंदांपर्यंत नेलं, हिस्टोग्राम (पिक्सेलच्या उजेडाचा आलेख) मध्याच्या जरा अलीकडे आणला. कॉन्ट्रास्ट तसाच ताणून पाहिला: पट्टे नाहीत, फक्त धुळीची दोन गोल वलयं आणि कोपऱ्यांकडचा अंधार. फ्लॅटमध्ये नेमकं हेच हवं असतं. झाकण लावून त्याच एक्स्पोजरचे डार्क फ्लॅटही घेतले. अत्यंत कमी एक्स्पोजरला काही सीमॉस सेन्सर वेगळे वागतात, त्यामुळे बायसपेक्षा (झाकण लावून घेतलेल्या, जवळजवळ शून्य एक्स्पोजरच्या फ्रेमपेक्षा) मला हेच भरवशाचं वाटतं. सगळ्या फ्रेम एकत्र रचल्यावर, म्हणजे स्टॅक केल्यावर, एम ३३ ची पार्श्वभूमी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सपाट आली आणि भुजेतला एनजीसी ६०४ हा तेजोमेघ गुलाबी ठिपक्यासारखा सुटा दिसला. तो पाहून फार आनंद झाला.

रोलिंग शटरचा हिशेब खरोखर ठेवावा लागतो तो पिधानांत. लघुग्रह ताऱ्याला झाकतो ती वेळ नेमकी नोंदवायची, तर तारा सेन्सरच्या कितव्या ओळीवर आहे हे महत्त्वाचं ठरतं. ज्यांचं मुख्य काम हेच आहे त्यांनी आयएमएक्स १७४ सारखा ग्लोबल शटरचा, म्हणजे अख्खी फ्रेम एकाच क्षणी उचलणारा सेन्सर पाहावा. माझ्याकडे तो नाही, म्हणून मी ताऱ्याभोवतीच्या ३०० ओळींचीच चौकट वाचते. पूर्ण फ्रेमला लागणाऱ्या ५० मिलिसेकंदांऐवजी पहिल्या आणि शेवटच्या ओळीतलं अंतर ५ मिलिसेकंदांच्या आसपास येतं, आणि ताऱ्याची ओळ नोंदवून उरलेला फरक वजा करता येतो. संगणकाचं घड्याळ निरीक्षणाच्या आधी जुळवून घ्यायचं, कारण ते अर्धा सेकंद चुकलेलं असेल तर ओळींचा हा सगळा हिशेब व्यर्थ जातो.