जुनापाणीच्या बरडावर

नागपूरहून काटोलच्या रस्त्याने सुमारे 10 किलोमीटर गेले की जुनापाणी येते. फेब्रुवारी संपत आला होता, पळस फुलला होता, आणि ज्या बसक्या टेकाडावर मी चढत होतो त्याला टेकडी म्हणणे म्हणजे त्याचे कौतुकच झाले असते. पहिली दहा मिनिटे मला वाळलेली कुसळी, मुरूम आणि अस्ताव्यस्त पडलेले काळे दगड यांपलीकडे काहीही दिसले नाही. मग एका दगडाचे दुसऱ्याशी नाते जुळले, तिसरा त्याच वळणावर सापडला, आणि माझ्या लक्षात आले की मी एका वर्तुळाच्या मधोमध, म्हणजे कुणाच्या तरी थडग्यावर उभा आहे. मी मुकाट्याने बाहेर आलो.

अशी सुमारे 300 शिळावर्तुळे या परिसरात नोंदलेली आहेत. इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील, लोखंड वापरणाऱ्या आणि घोडे बाळगणाऱ्या लोकांची ही दफने. सगळे जण फोटो काढतात ते कडेच्या मोठ्या शिळांचे. मला मात्र त्यांच्या आतला, मध्यावर किंचित फुगलेला गोट्यांचा ढीग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण कडेच्या शिळा हे केवळ कुंपण आहे आणि खरे थडगे त्या ढिगाखाली आहे. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच येथे खणून पाहिले होते. पुढे बा. कृ. थापर यांनी 1961च्या सुमारास पुरातत्त्व खात्यातर्फे उत्खनन केले. अस्थी आणि सोबत ठेवलेल्या वस्तू, त्यांवर काळी चिकणमाती आणि त्यावर दगडगोट्यांची भर, अशी रचना येथे आढळली. एका थडग्यात घोड्याच्या जातीच्या जनावराचे अवशेषही मिळाले. जवळच्याच माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावर चढवण्याचे तांब्याचे अलंकार सापडले आहेत.

एका शिळेच्या वरच्या अंगाला वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले दिसले. एकात अंगठा टेकवून पाहिला. बाहेरचा दगड खरखरीत होता, पण खळग्याचा तळ गुळगुळीत लागला. असेच खळगे स्कॉटलंडमधील दगडांवर असल्याचे पाहून रिव्हेट-कार्नाक चकित झाला होता. त्या साम्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, असे माझे मत आहे. दगडावर दगड ठोकत बसले, तर कोणत्याही मुलुखात खळगाच पडणार.

शेळ्या घेऊन आलेले एक आजोबा कडेच्या शिळेवर टेकले. मी विचारले, तेव्हा म्हणाले, "गवळ्याइचे गोटे होय जी हे. लय जुने."

निघताना एका वर्तुळाच्या कडेला पावसाने पाडलेली घळ दिसली. तांबूस मुरुमाच्या पोटात वीतभर काळ्या मातीचा थर होता. या बरडावर काळी माती नाही. ती खालून आणावी लागली असणार, टोपली टोपलीने, बहुधा डोक्यावरून, आणि तीही जेथे काही पिकवायचे नव्हते अशा जागी. टेकाडावरून पहिल्या काळ्या वावरापर्यंत मी पावले मोजत उतरलो. चारशेच्या पुढे मोजणे चुकले.