एलएसयू 2019ची वही: पहिले चार सामने मोजून झाले

मंडळी, दोनशेपानी वहीतली साठ पानं भरली. एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) 2019च्या हंगामातले पहिले चार सामने स्नॅपगणिक मोजून झाले. स्नॅप म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होतो तो क्षण. मधे दोन आठवडे वही उघडलीसुद्धा नव्हती, ते सोडून द्या.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. ह्यूस्टनच्या मावसभावानं मला अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा नाद लावला. एकाच संघाचं आक्रमण एका वर्षात एवढं बदलतं कसं, हे स्वतः बघायचं म्हणून मी एलएसयू घेतली. 2018 साली सामन्यामागे साधारण 32 गुण करणारा संघ 2019मध्ये 48वर गेला, पंधराच्या पंधरा सामने जिंकला आणि राष्ट्रीय विजेता ठरला. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, दोन्ही वर्षी तोच, जो बरो. मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन आणि आक्रमणाचे समन्वयक स्टीव्ह एन्समिंगर हेही तेच. नवा आला तो 29 वर्षांचा जो ब्रेडी, न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून, पासिंगचं काम बघायला.

तुलना हवी म्हणून आधी 2018चे तुकडे पाहिले. मायामीविरुद्धचा पहिला सामना 33-17 असा जिंकला, पण बरोचे 24 पैकी 11 पास पूर्ण, 140 यार्ड. ऑबर्नला 22-21 हरवलं त्या दिवशी 34 पैकी 15. आणि नोव्हेंबरात अलाबामानं 29-0 धुतलं तेव्हा धावून मिळालेले यार्ड अख्ख्या सामन्यात 12. तो सामना मी चहा घेऊन बसलो होतो, चहा निवला तरी यार्ड काही वाढेनात. बरोच्या बाजूनं एक सांगायला हवं. तो ओहायो स्टेट सोडून आला मे 2018मध्ये, म्हणजे वसंतातला सराव उरकल्यावर. नव्या घरात सामान लावायच्या आधीच पाहुणे आले, तशातली गत. 2019च्या सुधारणेचं सगळं श्रेय ब्रेडीला देणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

आता माझा रकाना. डाऊन (चारपैकी कितवा प्रयत्न), अंतर, जागा हे सगळेच लिहितात. मी आणखी एक घातलाय, त्याचं नाव 'सुटले'. पासाच्या वेळी किती जण ब्लॉक करायला न थांबता चेंडू घ्यायला पळाले, तो आकडा. क्वार्टरबॅक आणि त्याच्यापुढे राखणीला उभे असलेले ओळीतले पाच सोडले तर असे जास्तीत जास्त पाचच सुटू शकतात. 2018च्या पानांवर तिथे बऱ्याचदा तीन किंवा चार दिसतात. टाइट एंड (ओळीच्या टोकाचा) किंवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) बरोची राखण करत थांबलेला असायचा. 2019च्या पानांवर पाच, पाच, पाच. सुरुवातीला मला वाटलं मीच चुकतोय, म्हणून जॉर्जिया सदर्नचा पहिला क्वार्टर पुन्हा मोजला. चूक नव्हती.

पाच सुटले की मागे राखायला उरतात फक्त ओळीतले पाच. समोरून सहा जण आले तर एक जण मोकळाच अंगावर येणार. तो पोचायच्या आत चेंडू हातातून गेला पाहिजे, आणि कुठे टाकायचा हे स्नॅपच्या आधीच अर्धंअधिक ठरलेलं पाहिजे. कबड्डीत चांगला चढाईपटू साखळीचा कच्चा दुवा रेषा ओलांडायच्या आधी हेरतो ना, तसं. बरोचा हात 2018लाही असाच होता. 2019मध्ये समोरच्याला पाच जागा सांभाळाव्या लागल्या आणि त्यातली कुठली उघडी पडतेय हे बरो आधी वाचायला लागला. माझ्या मते सगळ्या सुधारणेचं मूळ इथे आहे.

31 ऑगस्ट, जॉर्जिया सदर्न, 55-3. बरो 27 पैकी 23, पाच टचडाऊन पास (चेंडू थेट शेवटच्या पट्टीत, सहा गुण), पाचही पहिल्या अर्ध्यात. मध्यंतरालाच 42-3. आकडे बघून हुरळून जायला होतं, पण समोरचा संघ वजनानं हलका. या सामन्यातून मी एवढंच टिपलं की हडल (डावाआधी घोळका करून ठरवणं) जवळजवळ नाही आणि रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, जस्टिन जेफरसन कडेला उभा न राहता आत, स्लॉटमध्ये आलाय. यापलीकडे या पानांना किंमत देऊ नका.

7 सप्टेंबर, ऑस्टिन, टेक्सास. हा सामना मला तीन रात्री पुरला.

निकाल 45-38. बरो 39 पैकी 31, 471 यार्ड, 4 टचडाऊन. तीन रिसीव्हर शंभर यार्डांपार: जेफरसन 163, जमार चेस 147, टेरेस मार्शल 123. टेक्सासचा क्वार्टरबॅक सॅम एलिंगरही 400 यार्डांच्या पुढे गेला, म्हणजे बचाव दोन्हीकडचा फाटलेला. पण माझी वही ज्या एका स्नॅपवर थांबली तो तुम्हाला माहीत असेलच. 37-31, एलएसयू पुढे, अडीच मिनिटं उरलेली, तिसरा डाऊन आणि 17 यार्ड, चेंडू स्वतःच्या 39 यार्डांच्या रेषेवर. जुनी एलएसयू काय करती? चेंडू रनिंग बॅकच्या हाती देऊन घड्याळ चालू ठेवती, मग पंट (लाथेनं चेंडू समोरच्याकडे लांब देणं), मग बचावावर हवाला. इथे पास आला. टेक्सासनं जादा माणसं सोडली, बरो दबावातून पुढे सरकला आणि फटका बसता बसता चेंडू मधल्या पट्टीत जेफरसनकडे गेला. 61 यार्ड, टचडाऊन. 2:27 बाकी. टचडाऊननंतरचा दोन गुणांचा जादा प्रयत्नही साधला आणि 45-31.

हा स्नॅप मी किती वेळा मागेपुढे केला ते बायकोला विचारा. ती म्हणाली, "तो माणूस दर वेळी तिथेच पळतोय, काही बदलत नाहीये." बरोबर आहे तिचं. पण मी बघत होतो बरोचे पाय. 2018मध्ये असा दबाव आला की तो चेंडू काखेत मारून पळायचा, आणि धाडसानं पळायचाही. इथे पाय हलले तेवढेच, नजर खाली गेली नाही. हे ब्रेडीनं फळ्यावर शिकवलं की सरावात आपोआप मुरलं, ते व्हिडिओवरून सांगता येत नाही. मला दुसरं पटतं.

एक दुखणं नोंदवून ठेवतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे बचावातले सगळ्यात मागचे खेळाडू, सेफ्टी, चौकटीबाहेर जातात. ते कुठे उभे होते हे रिप्ले दाखवला तरच कळतं. म्हणून 'बचावाची मांडणी' या रकान्यात माझ्याकडे निम्मी प्रश्नचिन्हं आहेत. अंदाजानं भरत नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या एका संघाची वही अशीच अंदाजानं भरली आणि शेवटी रद्दीत घातली.

14 सप्टेंबर, नॉर्थवेस्टर्न स्टेट, 65-14. मध्यंतराला फक्त 24-14 होतं, बाकी विशेष नाही. बरो 24 पैकी 21.

21 सप्टेंबर, व्हँडरबिल्ट, नॅशव्हिल, 66-38. बरोचे सहा टचडाऊन पास, एलएसयूचा तोवरचा विक्रम. चेसचे 10 झेल, 229 यार्ड, चार टचडाऊन. यात मजा अशी की चेसनं फारसं अवघड काही केलं नाही. आखूड पास घेतला, एकाला चुकवलं आणि सुटला. पाच जण पसरले की प्रत्येकाभोवती मोकळं रान वाढतं आणि पहिला माणूस चुकला की दुसरा जवळ नसतो. 'झेलानंतरचे यार्ड' हा रकाना मी आधी घातलाच नव्हता, इथे समासात पेन्सिलीनं कोंबलाय. आता मागचे तीन सामने त्यासाठी पुन्हा बघणं आलं. त्याच पानांवर रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर वेगळा मोजायचाय. 'सुटले'मधला पाचवा माणूस बहुधा तोच, आणि लाइनबॅकरला (बचावाच्या मधल्या फळीतला) तो झेपत नाही असं दिसतंय. हंगामाअखेर त्याचे 55 झेल होते, म्हणजे माझा संशय अगदीच पोकळ नसावा.

38 गुण दिले त्याबद्दल बोलत नाही, ही वही आक्रमणाची आहे.

पुढे युटा स्टेट भरभर उरकून 12 ऑक्टोबरच्या फ्लोरिडाकडे जातो. 42-28, बरो 24 पैकी 21, आणि पहिल्यांदा समोर खरोखर दणकट बचावफळी. तिथेही 'सुटले'मध्ये पाचच दिसतात की राखणीला कुणीतरी थांबतो, हे बघायचंय. कुणी तो सामना आधीच मोजला असेल तर आकडा एवढ्यात सांगू नका.