१८५ मीटरची नारिंगी केबल

आमच्या संस्थेच्या दोन इमारतींना जोडणारी नारिंगी फायबर केबल वीसेक वर्षांपूर्वी टाकलेली आहे आणि तिच्यावरची सेकंदाला १ गिगाबिटची जोडणी इतकी वर्षे विनातक्रार चालत होती. गेल्या वर्षी आम्ही दोन्ही टोकांना १० गिगाबिटचे नेटवर्क स्विच बसवले, त्यांत ८५० नॅनोमीटर तरंगलांबीची एसआर (कमी पल्ल्याची) मॉड्यूल, म्हणजे विजेचे संकेत प्रकाशात बदलणारे सुटे भाग, घातली, आणि तेव्हापासून जोडणी कधी लागत असे, कधी तुटत असे. लागली तरी सीआरसी त्रुटींचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडा बघता बघता वाढत जाई. दोन दिवस मी कनेक्टर पुसले, पॅच कॉर्ड (जोडणीच्या आखूड केबल) बदलल्या, मॉड्यूलची अदलाबदल केली. स्विचवर दिसणारी प्रकाशाची पातळी उणे ४.६ डीबीएम (प्रकाशशक्तीचे एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी) होती, आणि या मॉड्यूलला उणे ९.९ डीबीएमपर्यंतचा प्रकाश पुरतो. प्रकाश भरपूर पोहोचत होता, तरीही पलीकडच्या स्विचला तो वाचता येत नव्हता.

कारण केबलच्या आवरणावरच छापलेले होते: ६२.५/१२५. ही ओएम १ जातीची मल्टिमोड केबल. तिचा काचेचा गाभा ६२.५ मायक्रॉनचा, म्हणजे इतका रुंद असतो, की प्रकाश त्यातून एकाच वेळी शेकडो वाटांनी जातो. या वाटांवरचे किरण थोड्या थोड्या फरकाने पलीकडे पोहोचतात आणि निघताना आखूड असलेली पल्स (प्रकाशाचा ठोका) पोहोचेपर्यंत पसरते. वेग दहापट केला की जेवढ्या वेळात पूर्वी एक पल्स जात असे, तेवढ्यात सुमारे दहा बसवाव्या लागतात, आणि मग त्या एकमेकींत मिसळतात. म्हणूनच याच केबलवर १ गिगाबिटची एसएक्स प्रकारची जोडणी २७५ मीटरपर्यंत चालते, पण १० गिगाबिटची एसआर जोडणी फक्त ३३ मीटर. आमची केबल १८५ मीटरची होती. पॉवर मीटर प्रकाश किती आला एवढेच सांगतो, तो किती पसरला हे सांगत नाही, हे त्या दोन दिवसांत मला नीट कळले.

एलआरएम नावाचे मॉड्यूल जुन्या मल्टिमोड केबलवरही २२० मीटरपर्यंत १० गिगाबिट नेते, मात्र ओएम १ केबलसाठी दोन्ही टोकांना मोड कंडिशनिंग पॅच कॉर्ड (प्रकाश गाभ्याच्या मध्यापासून जरा बाजूला सोडणाऱ्या) लावाव्या लागतात. तो मार्ग मी सुचवला नाही, कारण पुढच्या वेगाच्या वेळी आम्ही पुन्हा याच जागी अडकलो असतो. ओएम ३ या सुधारित मल्टिमोड केबलवर एसआर ३०० मीटर आणि ओएम ४ वर ४०० मीटर जाते, पण ४० गिगाबिटच्या एसआर ४ जोडणीला तीच मर्यादा अनुक्रमे १०० आणि १५० मीटरवर येते. इमारतीबाहेर खोदकाम करायचेच असेल तर सिंगल मोडच टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिंगल मोडचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा असतो आणि त्यात प्रकाशाला एकच वाट असते. त्यामुळे तिथे मुख्य हिशेब उरतो तो प्रकाश किती घटला याचा. १० किलोमीटरच्या एलआर मॉड्यूलचे उदाहरण घ्या. ते किमान उणे ८.२ डीबीएमने प्रकाश सोडते आणि पलीकडे उणे १४.४ लागतात, म्हणजे वाटेत घालवायला ६.२ डेसिबल (घट मोजण्याचे एकक) मिळतात. १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.४ धरले तर ४ डेसिबल काचेतच जातात आणि कनेक्टर व स्प्लाइस (तंतूंचे कायमचे सांधे) यांच्यासाठी जेमतेम २.२ उरतात, एखादा मळलेला कनेक्टर त्यांतला मोठा वाटा सहज खातो. तरीही ही काच थक्क करणारी आहे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी किलोमीटरला २० डेसिबल घट असलेली काच मिळाली तर फायबरने दूरसंचार शक्य आहे असे मांडले, म्हणजे एका किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी पुरे. आज १५५० नॅनोमीटरला तेवढी घट व्हायला सुमारे १०० किलोमीटर लागतात.

मात्र लांबचे मॉड्यूल घेतले म्हणजे निर्धास्त झालो, असे समजू नये. ८० किलोमीटरसाठीच्या मॉड्यूलचा प्रकाश इतका प्रखर असतो, की दोनशे मीटरच्या केबलवर तो थेट सोडला तर समोरचा रिसीव्हर निकामी होऊ शकतो. तिथे मध्ये प्रकाश कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर लावावाच लागतो.

नवी केबल मागवण्यापूर्वी अंतर मोजण्यात मी पूर्वी करत असे ती चूक टाळली. नकाशावर दोन इमारतींत १२० मीटर दिसतात, पण केबल चेंबरमधून वळते, शाफ्टमधून तीन मजले चढते आणि दोन्ही टोकांना दहा-दहा मीटरचे वेटोळे ठेवावे लागते. आवरणावर दर मीटरला छापलेले आकडे दोन्ही टोकांना वाचून वजाबाकी केली की केबलची खरी लांबी कळते. ओटीडीआर (परतणाऱ्या प्रकाशावरून तंतूची लांबी मोजणारा मापक) त्याहून किंचित जास्त दाखवतो, कारण आतले तंतू नळीत सैल असल्याने केबलपेक्षा थोडे लांब असतात.

आता त्याच डक्टमधून २४ तंतूंची सिंगल मोड केबल गेली आहे आणि दोन्ही रॅकवर तिची जात, ओटीडीआरने मोजलेली लांबी आणि तारीख लिहिलेली पट्टी चिकटवली आहे. नारिंगी केबल आम्ही काढली नाही. तिच्यावर १ गिगाबिटने सीसीटीव्ही चालतो.