शेऱ्याच्या रकान्यातले पक्षी

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गाईड म्हणून काम करायला लागून मला बारा वर्षे होत आली. पर्यटकांना पक्षी दाखवणे हे रोजचे काम असले, तरी मला मनापासून आवडते ती पक्षीगणना, कारण त्या दिवशी कोणाला खूश करायचे नसते; जे दिसले तेच आणि तेवढेच नोंदवायचे असते. एका ऑक्टोबरमधल्या गणनेचा दिवस मात्र माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून तो लिहून ठेवतो आहे.

कोजागरी दोन दिवसांवर आली होती. परतीच्या पावसाने निफाड तालुक्याला सलग तीन रात्री झोडपून काढले होते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या बंधाऱ्यामुळे आमचा हा जलाशय तयार झाला. शंभरेक वर्षांत नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाणी, चिखलाचे पट्टे आणि पाणकणसाची बेटे निर्माण झाली आणि पक्ष्यांना हवी तशी जागा मिळाली. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. पण मुळात हे पाणी शेतीसाठी अडवलेले आहे, आणि वर गंगापूर व दारणा धरणांतून विसर्ग वाढला की तो सारा आधी आमच्या बंधाऱ्यावर येऊन धडकतो.

त्या पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर चढलो आणि समोर पाहून थबकलो. आठ दिवसांपूर्वी जिथे मी चिखलाचा लांबच लांब पट्टा आणि त्यावर धावणारे छोटे टिलवे पाहिले होते, तिथे गढूळ, तांबूस पाणी पसरले होते. आमच्या गटात दोन वनरक्षक होते आणि नाशिकच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी पहिल्यांदाच गणनेला आली होती. तिने विचारले, ‘‘दादा, पाणी तर फार वाढलेलं वाटत नाही. मग पक्षी गेले कुठे?’’ प्रश्न अगदी योग्य होता. पाणी जेमतेम वीतभर वाढले असेल. बदकांना त्याने काहीच फरक पडत नाही. पण टिलव्याचे पाय बोटभर लांबीचे, चिखल्याचे त्याहून थोडेच मोठे. त्यांना पायाखाली ओला चिखल आणि वर पाण्याचा पातळ पापुद्राच लागतो. वीतभर पाणी चढले की त्यांच्या दृष्टीने सगळे ताटच बुडाले.

आम्ही आधी बदके मोजायला घेतली. ऑक्टोबरमध्ये बदके ओळखणे हे डिसेंबरपेक्षा कितीतरी अवघड काम आहे, आणि माझ्या मते गाईडची खरी परीक्षा याच महिन्यात होते. नुकत्याच आलेल्या नरांनी विणीचा रंगीत पिसारा टाकून दिलेला असतो आणि ते माद्यांसारखेच तपकिरी, ठिपकेदार दिसतात. भुवई बदकाच्या नराची ती पांढरीशुभ्र भुवई, जिच्यावरून त्याला नाव मिळाले, ती या दिवसांत नसतेच. मग थापट्या ओळखायचा तो त्याच्या फावड्यासारख्या चोचीवरून, तलवार बदक लांब सडपातळ मानेवरून, आणि भुवई बदकाचा नर उडताना दिसणाऱ्या पंखाच्या निळसर राखी पुढच्या भागावरून. मोठा थवा मोजताना आम्ही पन्नास पक्षी एकेक करून मोजतो, त्या पन्नासांनी किती जागा व्यापली ते नजरेत पक्के करतो आणि तेवढे तुकडे पुढे मोजत जातो. विद्यार्थिनीचा आणि माझा आकडा तीनदा जुळला नाही. चौथ्या वेळी दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसावरून सरकत आला. पाण्यावर विखुरलेले वारकरी पक्षी क्षणात एकमेकांना खेटून गोळा झाले. काळ्या अंगांचा आणि कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यांचा तो जमाव पाहिला की या पक्ष्याला हे नाव ज्याने दिले त्याच्या नजरेला मी दरवेळी मनातून नमस्कार करतो. बदके मात्र उडाली आणि सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. थवा पुन्हा पाण्यावर बसेपर्यंत थांबलो, आणि पाचव्या मोजणीत आमच्या दोघांच्या आकड्यांतला फरक दहाच्या आत आला.

साडेनऊच्या सुमारास ठरलेली ठिकाणे संपली. वहीत चिखलपक्ष्यांच्या रकान्यांत जवळजवळ शून्येच होती. ती तशीच देऊन टाकणे नियमाला धरून झाले असते, पण माझे मन मानेना. एवढे पक्षी एका रात्रीत नाहीसे होत नाहीत; त्यांना जवळपास कुठेतरी उथळ पाणी सापडले असणार. म्हणून आम्ही गावामागच्या शिवारातून पायी निघालो. द्राक्षबागांत छाटणी सुरू होती, काड्यांवर पेस्ट लावणारे मजूर वाकून काम करत होते. त्या बागांपलीकडच्या सखल पट्ट्यात एका सोयाबीनच्या शेतातून मला शेकाट्या या लांब पायांच्या पक्ष्याचा तो किरकिरा, सलग आवाज ऐकू आला.

शेतातले अर्धे सोयाबीन सोंगून आडवे पडलेले होते आणि त्यात घोटाभर पाणी तुंबले होते. त्या पाण्यात शेकाटे होते, ठिपकेवाल्या तुताऱ्या होत्या, कडेच्या ओल्या मातीवर चिखले होते, आणि मधोमध, अगदी चाळीस पावलांवर, गॉडविट या लांब चोचीच्या पाहुण्या पक्ष्यांचा थवा चरत होता. इतक्या जवळून मी ते कधी पाहिले नव्हते. स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीतून, चोचीचा गुलाबी बुंधा आणि काळे टोक स्पष्ट दिसत होते. शिवणयंत्राची सुई खालीवर व्हावी तशी ती चोच चिखलात जात होती, मध्येच डोळ्यांपर्यंत आत रुतत होती. या चोचीचे टोक स्पर्शाला विलक्षण तल्लख असते आणि पक्षी बाकीची चोच मिटलेली ठेवून केवळ टोक उघडू शकतो. त्यामुळे न दिसणारी अळी तो आतल्या आत पकडतो. एकाने लांबलचक गांडूळ ओढून काढले, ते पाण्यात हलवून धुतले आणि गिळले. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात जन्मलेला तो पक्षी आमच्या निफाडच्या काळ्या मातीवर पोट भरत होता, आणि मी आनंदाने विद्यार्थिनीला आकडे सांगू लागलो.

तेवढ्यात बांधावरून एक साठीचे शेतकरी लगबगीने आमच्याकडे आले. आमच्या हातातली वही पाहून त्यांचा चेहरा उजळला होता.

‘‘पंचनाम्याला आलात ना भाऊ? या, इकडून या, इकडं जास्त नुकसान आहे.’’

माझ्या तोंडून शब्द फुटेना. वनरक्षकांनी हलक्या आवाजात सांगितले, ‘‘नाही नाना, आम्ही पक्षी मोजतोय.’’

नानांनी एक ओली शेंग उचलून माझ्या तळहातावर ठेवली. तिच्या फटीतून पांढरा कोंब बाहेर आला होता. जे पाणी पाहून मी क्षणापूर्वी हरखलो होतो, त्याच पाण्याने त्यांचे चार महिन्यांचे कष्ट कुजवले होते. मी क्षमा मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही, कोण जाणे. ते पक्ष्यांकडे पाहत होते. ‘‘हे काय खातात? सोयाबीन?’’ त्यांनी विचारले. पाणपक्ष्यांमुळे पिकाचे नुकसान होते ही इथल्या शेतकऱ्यांची तक्रार काही पक्ष्यांच्या बाबतीत खरी आहे आणि ती उडवून लावणारा गाईड मला तरी नको वाटतो. म्हणून मी उत्तर न देता स्कोप त्यांच्या उंचीला लावून दिला. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. ‘‘मातीतला किडा काढतोय,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘बरोबर मुळाशीच चोच घालतोय बघा.’’

मग ते सरळ झाले आणि म्हणाले, ‘‘पण मला बांध फोडावा लागणार. पाणी निघून वाफसा आला नाही, तर हरभराही हातचा जायचा.’’

‘‘फोडाच नाना,’’ मी म्हणालो. दुसरे काही म्हणण्याचा मला अधिकारच नव्हता.

शेत ठरलेल्या गणनास्थळांत बसत नसल्यामुळे तिथल्या नोंदी कुठे लिहायच्या, हा प्रश्न विद्यार्थिनीने उपस्थित केला. जलाशयाच्या आकड्यांत ते पक्षी मिसळले असते, तर वही खोटी ठरली असती. सोडून दिले असते, तर अपुरी राहिली असती. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात आम्ही स्वतंत्रपणे लिहिले: ‘जलाशयाची पातळी वाढल्याने चिखलपट्टा पाण्याखाली, पक्षी लगतच्या पाणी तुंबलेल्या सोयाबीनच्या शेतात, गॉडविट ४१, शेकाटे १८.’ त्याखाली, कोणी न सांगता, तिने आणखी एक ओळ लिहिली: ‘पिकाचे मोठे नुकसान.’ ती ओळ मी तशीच राहू दिली.

नानांनी आणि त्यांच्या मुलाने फावड्याने बांधाला चर पाडला. पाणी ओघळीकडे वाहू लागले तरी पक्षी लगेच उठले नाहीत; पाणी सरकेल तसे ते मागे सरकत ओल्या मातीत चोची घालत राहिले. दुपारी नानांच्या घरून आलेला चहा आम्ही सगळ्यांनी बांधावर बसून घेतला. चार वाजता शेताच्या टोकाला ट्रॅक्टर सुरू झाला आणि गॉडविट एकदम उडाले. पंखांवरचे पांढरे पट्टे आणि शेपटीची काळी कड दाखवत त्यांनी द्राक्षबागांवर एक वळसा घेतला आणि ते नदीच्या दिशेने गेले. आकाशात पांगलेले पक्षी मोजणे सोपे गेले. ते ४३ होते. सकाळच्या मोजणीत दोन बहुधा आडव्या पडलेल्या सोयाबीनच्या मागे लपलेले राहिले होते. विद्यार्थिनीने ४१ वर एक रेघ ओढली, शेजारी ४३ लिहिले आणि सही केली.