सदुसष्ट मैलांची तार

लेकीकडे अ‍ॅशबर्नला येऊन तीन आठवडे झाले होते. सकाळी मी फिरायला जातो ती वाट एका जुन्या रेल्वेमार्गावरची आहे. रूळ कधीच उखडले, त्याजागी डांबरी पायवाट झाली आणि बराचसा रस्ता डोक्यावर ट्रान्समिशन लाईन सोबत करते. आम्हा आजोबामंडळींचा तिथे कट्टा जमतो: दोन तेलुगू, एक गुजराथी आणि मी. बाकीचे साखर, बीपी आणि नातवंडांच्या तक्रारींवर बोलतात. माझी मान मात्र वर. चौतीस वर्षं वीजखात्यात काढली, त्यातली निम्म्याहून जास्त टॉवर लाईनच्या कामावर. माणूस ओळखायला चेहरा बघावा, तशी लाईन ओळखायला मी चकत्या मोजतो. इन्सुलेटरच्या माळेत तेरा-चौदा डिस्क दिसल्या की २२० केव्ही (किलोव्होल्ट), तेवीसच्या आसपास असल्या की ४००. ही खोड आता सुटायची नाही.

अ‍ॅशबर्न म्हणजे व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीचा तो भाग, ज्याला लोक ‘डेटा सेंटर अ‍ॅली’ म्हणतात. गल्ली कसली, इंटरनेटचे संगणक ठेवलेल्या बिनखिडक्यांच्या राखाडी इमारतींचं गावच आहे ते. काउंटीत अशा इमारती दोनशेच्या घरात आहेत. बाहेर पाटी नाही, आत माणूस दिसत नाही, मागच्या अंगाला डिझेल जनरेटरांची रांग आणि शेजारी सबस्टेशन. जावईबापू अशाच एका कंपनीत आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी कौतुकानं गाडीतून सगळं दाखवलं आणि मी मूर्खासारखा विचारलं, “आत बनतं काय?”

कट्ट्यावर एका तेलुगू आजोबांनी विषय काढला. इथल्याच वस्त्यांजवळून ‘गोल्डन ते मार्स’ अशी, त्या नावांच्या दोन सबस्टेशनांना जोडणारी, ५०० केव्हीची लाईन न्यायची म्हणतात. लोक म्हणतात तार जमिनीखालून न्या, कंपनी म्हणते वरूनच. आणि नदीपलीकडे मेरीलँडात म्हणे शेतकरी याहून मोठ्या लाईनविरुद्ध उभे राहिले आहेत. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. शनिवारी लेकीला म्हटलं, “सगळे भोपळे बघायला जातात ना ऑक्टोबरात? आपण टॉवर बघायला जाऊ.” ती म्हणाली, “बाबा, टॉवर अजून उभेच राहिलेले नाहीत.” म्हटलं, “म्हणूनच.”

निघालो साडेनऊला: लेक गाडी चालवायला, आठ वर्षांचा नातू मागे, आणि डब्यात दशम्या, कारण वाटेतल्या सँडविचवर माझा भरवसा नाही.

लीसबर्गवरून हायवे पंधरा धरला. मला खरं तर व्हाइट्स फेरीनं नदी ओलांडायची हौस होती. पोटोमॅकवर तारेला धरून चालणारा तो तराफा दीडशेहून जास्त वर्षं गाड्या पार करायचा. पण काठावरच्या जमिनीच्या हक्कावरून मालकाशी वाद झाला, निकाल फेरीविरुद्ध गेला आणि २०२० च्या डिसेंबरात फेरी बंद पडली. एका माणसाची जमीन, एक तार आणि कोर्ट. दिवसाची नांदी बरी झाली म्हणायची. आम्ही पॉइंट ऑफ रॉक्सच्या पुलावरून गेलो. खाली पाणी कमी होतं, खडक उघडे पडले होते.

पूल ओलांडला की फ्रेडरिक काउंटी. दहा-पंधरा मिनिटांत अ‍ॅडम्सटाउनजवळ डाउब्स सबस्टेशन लागतं. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मी कुंपणाबाहेर उभा राहिलो. हवेत दमटपणा होता, त्यामुळे तारांचा तो ओळखीचा चरचर आवाज येत होता. तळणीत ओली मिरची पडावी तसा. नातवाला डिस्क मोजायला शिकवल्या. तो बावीसपर्यंत गेला आणि चुकला, पुन्हा पहिल्यापासून. लेक सारखी मागे बघत होती. “बाबा, फोटो नको हं, कोणी येऊन विचारेल.” खरं होतं तिचं.

जवळच अॅल्युमिनियमचा एक जुना कारखाना होता. वितळभट्टी चालवायला त्याला अफाट वीज लागायची. तो बंद पडला आणि आता त्याच दोन हजारांवर एकर जागेत डेटा सेंटरांचं आवार उभं राहतं आहे. म्हणजे विजेची भूक जागा सोडत नाही, फक्त खाणारा बदलतो.

आता ही प्रस्तावित लाईन नेमकी कुठून कुठे, ते सांगतो. बाल्टिमोर काउंटीच्या उत्तरेला, पेन्सिल्व्हेनियाच्या सीमेच्या अलीकडे, आधीच एक ५०० केव्हीची लाईन आहे. तिथून निघायचं, कॅरल काउंटी आडवी कापायची आणि फ्रेडरिकमध्ये या डाउब्सला येऊन मिळायचं. सुमारे ६७ मैल. नाव ‘मेरीलँड पीडमॉन्ट रिलायबिलिटी प्रोजेक्ट’, थोडक्यात एमपीआरपी. तेरा राज्यांचं ग्रिड सांभाळणाऱ्या पीजेएमनं २०२३ च्या डिसेंबरात काम मंजूर केलं आणि न्यू जर्सीच्या पीएसईजी कंपनीकडे दिलं. शेतकऱ्यांना पत्ता लागला तो २०२४ च्या उन्हाळ्यात. राज्याच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनकडे अर्ज गेला ३१ डिसेंबर २०२४ ला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी अर्ज टाकणारी माणसं जगात सगळीकडे सारखीच. आम्ही ३१ मार्चला टाकायचो.

लाईनीचा पट्टा, म्हणजे तारांखाली मोकळी ठेवायची जागा, १५० फूट रुंद. मी मनातल्या मनात मीटर केले: ४६ च्या जवळपास. आपल्याकडे ४०० केव्हीला पट्टा धरतात तो ४६ मीटरच. ६७ मैलांना गुणलं तर बाराशे एकरांवर जातं.

फ्रेडरिक मागे पडलं आणि लिबर्टी रोडवर खरा मुलूख सुरू झाला. बुटक्या टेकड्या, त्यांच्या अंगावर कापलेल्या मक्याचे बुडखे, मध्येच सोयाबीनचा पिवळटपणा. आपलं सोयाबीन दसऱ्याला खळ्यावर येतं, इथलं अजून उभं होतं. लाल लाकडी गोठे, रुपेरी सायलो. आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या फाटकाला पाटी: ‘स्टॉप एमपीआरपी’. नातवानं त्या मोजायला घेतल्या. न्यू विंडसर येईस्तोवर त्याच्या एकतीस झाल्या आणि मग त्याला झोप लागली.

न्यू विंडसरच्या पुढे रस्त्याकडेला भाजीची टपरी दिसली. भोपळे, सफरचंदं, मधाच्या बाटल्या आणि पैसे टाकायला एक पत्र्याची पेटी. विक्रेता नाही. मी पेटीत नोटा टाकत होतो तेवढ्यात मागच्या गोठ्याकडून सत्तरीचा एक गृहस्थ आला. भारतीय म्हातारा, डोक्याला मफलर, पाटीचं निरीक्षण करतोय, हे बघून त्याला गंमत वाटली असावी. लेकीनं सांगितलं की माझे वडील भारतात अशाच लाईन उभ्या करायचे. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण बोलून चुकली होती.

तो चिडला नाही. म्हणाला, मग तुम्हाला दाखवतो. गोठ्यामागच्या चढावर नेलं. तिथून एका ओढ्यापर्यंत उतार जातो, पलीकडे ओक आणि अक्रोडाची झाडी. त्यानं हात आडवा धरून हवेत एक रेघ ओढली. इथून, त्या झाडीतून, त्या गोठ्याच्या कोपऱ्यावरून. झाडी पूर्ण काढावी लागणार.

त्याचं मुख्य दुःख वेगळंच होतं. त्याच्या वडिलांनी या जमिनीचे विकासाचे हक्क राज्याला विकले होते. शेतजमीन वाचवायची ही योजना मेरीलँडात १९७७ पासून आहे: सरकार पैसे देतं आणि शेतकरी कायमचं लिहून देतो की इथे घरं, मॉल, कारखाना होणार नाही, फक्त शेती. कॅरल काउंटी यात पुढे आहे. तो म्हणाला, “मी माझ्या मुलाला इथे दुसरं घर बांधून द्यायचं म्हटलं तर शंभर कागद. आणि त्यांना टॉवर चालतो?” मला यावर काही बोलता येईना. वर जमीन तशी स्वस्त आणि मोकळी राखल्यामुळेच नकाशावर रेघ ओढणाऱ्याला ती सोपी दिसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मीच ओढल्या आहेत अशा रेघा. वस्ती टाळा, जंगल टाळा, बागायत शक्यतो टाळा. उरतो तो ज्याचा आवाज लांबून ऐकू येत नाही.

सर्व्हेवाल्यांना त्यानं आणि शेजाऱ्यांनी आत येऊ दिलं नव्हतं. कंपनी फेडरल कोर्टात गेली आणि २०२५ च्या जूनमध्ये कोर्टानं नव्वदेक जमिनींवर मोजणीला जाण्याची मुभा दिली. पुढे कंपनीनं सर्व्हेवाल्यांबरोबर यूएस मार्शल, म्हणजे केंद्राचे पोलीस, द्यावेत अशीही मागणी केली. हे ऐकून मला आमची पोलीस बंदोबस्तातली मोजणी आठवली. दोन हवालदार, एक पंचनाम्याचा कागद, आणि बांधावर न बोलता उभं राहिलेलं घर.

आता न्यायाची गोष्ट करायची तर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझ्या खात्यातले जुने मित्र मला फोन करतील. मेरीलँड आपल्या विजेतली ४० टक्क्यांच्या आसपास बाहेरून आणतं. बाल्टिमोरजवळचं ब्रँडन शोअर्स हे कोळशाचं केंद्र बंद व्हायचं होतं, ते ग्रिड ढासळेल म्हणून पैसे देऊन चालू ठेवलं आहे. तारा कमी पडताहेत हे खोटं नाही. कुठल्या तारेवर किती भार येतो तो लोड फ्लोचा अभ्यास मी पाहिला असता तर मीही बहुतेक सही केली असती. पण पीजेएमच्या हिशेबात वाढलेली मागणी म्हणजे मुख्यतः डेटा सेंटरं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं गाठोडं नदीपलीकडे, म्हणजे मी सकाळी फिरतो तिथे. शेत मेरीलँडचं, आणि खर्चातला वाटा मेरीलँडच्या ग्राहकाच्या बिलातही. ‘विश्वसनीयता’ हा शब्द अशा वेळी फार कामाला येतो. आम्ही ‘राष्ट्रहित’ वापरायचो.

म्हणून इथे दोन्ही पक्षांचे लोकप्रतिनिधी विरोधात एकत्र दिसतात. या देशात हल्ली ही गोष्ट टॉवरपेक्षा दुर्मीळ. कमिशनचा निकाल २०२७ च्या फेब्रुवारीपर्यंत यायचा आहे.

विरोधानं काही होतं का? होतं, कधी कधी. व्हर्जिनियात हेमार्केटला एका डेटा सेंटरसाठी २३० केव्हीची लाईन न्यायची होती, २०१४ पासूनची गोष्ट. कार्व्हर रोड नावाच्या रस्त्यावरून न्यायचं ठरलं. तिथे गुलामीतून सुटलेल्यांच्या वंशजांची जुनी वस्ती. लोक अडून बसले, कायदेमंडळापर्यंत गेले, आणि शेवटी २०१८ मध्ये तार हायवेलगत, बरीचशी जमिनीखालून न्यायचा मार्ग निघाला. खर्च तिपटीच्या घरात. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अशक्य म्हणतात ते बहुधा आर्थिकदृष्ट्या नकोसं असतं. ५०० केव्ही पुरणं त्याहून कितीतरी अवघड आहे, हेही तितकंच खरं.

गृहस्थानं मला तांत्रिक प्रश्न विचारले. कुंपणाच्या तारेला शॉक बसेल का? म्हटलं, झिणझिण्या येतील. जागोजागी अर्थिंग करून मागा, लेखी मागा. गाई? ट्रॅक्टरचा जीपीएस? जे ठाऊक होतं ते सांगितलं, नव्हतं ते नाही म्हटलं. लाईनखाली हातात धरलेली ट्यूब रात्री आपोआप उजळते, हे ऐकून तो हसला नाही.

मग त्यानं विचारलं, “तुम्ही ज्यांच्या शेतात टॉवर उभे केलेत, तिथे नंतर कधी गेलात?”

लेकीनं भाषांतर करायची गरज नव्हती, तरी तिनं केलं.

सांगोल्याच्या बाजूला एक लाईन होती. पंचनाम्याला मी स्वतः होतो. डाळिंबाची झाडं मोजली, फळावर आलेली वेगळी, न आलेली वेगळी. आपल्याकडे जमीन संपादन करत नाहीत. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचे अधिकार वापरायचे, सातबारा त्याच्याच नावावर राहतो, आणि आम्ही ठरलेलं वाक्य म्हणायचो: “जमीन तुमचीच, वरून फक्त तार जाणार.” त्या काळी भरपाई पिकाची आणि झाडांची. टॉवरखालच्या जमिनीचे पैसे, पट्ट्याचे पैसे, हे केंद्राचे नियम २०१५ नंतरचे. त्या घरातल्या बाईंनी चहा दिला होता आणि एकच विचारलं होतं, “साहेब, तारेखाली पाळणा बांधला तर चालंल का?” मी म्हटलं होतं, काही होत नाही. लाईन चार्ज झाली, म्हणजे तारेत वीज सोडली, फटाके वाजले, माझी बदली झाली.

“नाही,” मी म्हणालो. “गेलो नाही.”

त्यानं मान हलवली आणि नातवाला गाडीत ठेवायला एक भोपळा दिला, पैसे न घेता. वेस्टमिन्स्टरपुढे जायचं, मँचेस्टरवरून पार्कटनपर्यंत जाऊन लाईनीचं दुसरं टोक बघायचं, असं मी ठरवलं होतं. पण दशम्या वेस्टमिन्स्टरच्या एका बागेत खाल्ल्या आणि मीच म्हटलं, परत फिरू.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. राखाडी इमारतींवर लाल दिवे लागले होते. भोपळा अजून दारात आहे, नातवानं त्याला डोळे कोरले आहेत.

परतीचं तिकीट नोव्हेंबर अखेरचं आहे. सांगोल्याला जाऊन यायचं म्हणतोय. बाग तेल्या रोगानंच गेली असेल म्हणा. टॉवरचा नंबर मात्र पाठ आहे: एकशे बारा.