हळद रंगीतच हवी

हळदीचे फोटो मी ब्लॅक अँड व्हाइट करत नाही. नवरीने स्वतः मागितले तरी आधी रंगीत आणि काळा-पांढरा असे दोन्ही शेजारी लावून दाखवते, मगच विचारते. आमच्या पाचोरा-भडगाव भागातही आता मोबाइलवर रील्स दाखवून "ताई, आम्हाला असा क्लासिक लूक द्या" म्हणणारे वाढलेत. क्लासिक म्हणजे अख्खा अल्बम काळा-पांढरा. मागणाऱ्याचं मन मोडायचं नसतं, पण हळदीपाशी मी अडते.

कारण आधी तांत्रिक आहे. रंगीत फोटोचा साधा ग्रे, म्हणजे काळा-पांढरा, काढताना नेहमीच्या सूत्रात लाल साधारण 30 टक्के, हिरवा 59 आणि निळा 11 टक्के धरतात. पडद्यावरचा पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. बेरीज केली तर 89. म्हणजे पिवळा जवळजवळ पांढराच होतो. मे महिन्याच्या उन्हात रापलेल्या आमच्याकडच्या गालांवर करवल्यांनी चोपडलेली ओली हळद ग्रेमध्ये राख फासल्यासारखी दिसते. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये पिवळ्याचा स्लायडर, म्हणजे तो रंग उजळ-गडद करायची पट्टी, डावीकडे ओढला की तीच हळद चिखल होते. मधे कुठे थांबावं म्हटलं तर अंगाचा रंग केशरीच्या स्लायडरवर असतो आणि हळद लागलेली कातडी या दोन्हींमध्ये अर्धी-अर्धी वाटली जाते. मग गालाचा एक भाग उजळ, एक काळपट, कानाजवळ डाग. झूम करून बघा, नवरी आजारी वाटते.

एक अल्बम माझ्याकडे पुन्हा प्रिंट करायला आला होता, काम दुसऱ्या कुणाचं. नवरीची आजी सोबत होती. हळदीचं पान उघडलं, तिने फोटोवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हळद कोठे गयी वं माय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅमेरा मोनोक्रोमवर, म्हणजे काळ्या-पांढऱ्यावर, ठेवून थेट जेपेग या तयार फोटोच्या फाइलमध्ये शूट केलेलं, त्यात रंग शिल्लकच नसतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलं असतं तर स्क्रीनवर काळं-पांढरं दिसूनही फाइलमध्ये सगळे रंग राहिले असते. एका सेटिंगचं काम होतं.

लग्नातले रंग ही माहिती आहे, असं मी मानते. मामाने आणलेली पिवळी साडी, हिरवा चुडा, नवरदेवाकडचे गुलाबी फेटे, मुलीकडचे केशरी. पन्नास वर्षांनी कुणीतरी विचारणार, ही कुणाकडची माणसं? लाल शालू आणि गर्द हिरवा चुडा ग्रेमध्ये बरेचदा एकाच छटेवर येतात, मनगट कुठे संपलं आणि पदर कुठे सुरू झाला ते कळत नाही. आमच्या घरात आजीच्या लग्नाचा एकच फोटो आहे. त्यातला शालू आत्याच्या मते हिरवा, आईच्या मते जांभळा. आजी गेली, आता वाद मिटायचा नाही.

तरी तो फोटो अजून ठणठणीत आहे, आणि आईच्या लग्नाचा, ऐंशीच्या दशकातला रंगीत अल्बम मात्र सगळा तांबूस पडलाय. ते खरंच आहे. जुन्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये चांदीचे कण असतात, रंगीत प्रिंटमध्ये रासायनिक रंग. त्या काळच्या कागदांवरचा निळसर रंग अंधाऱ्या कपाटातसुद्धा आधी उडायचा आणि लाली उरायची. त्यामुळे लोक म्हणतात, काळा-पांढरा टिकतो. पण आजच्या करिझ्मा अल्बममधला, म्हणजे जाड छापील पानांच्या लग्नाच्या अल्बममधला, काळा-पांढरा फोटो लॅबमध्ये त्याच रंगीत कागदावर छापला जातो. चांदी त्यात उरत नाही. टिकण्यासाठी म्हणून कुणी तो निवडत असेल तर त्याला हे सांगायला हवं.

मग मी काळा-पांढरा करते कधी? प्रकाश बघून. चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. 1912 ते 1989 हे त्यांचं आयुष्य, आणि त्यातली कित्येक दशकं त्या घराबाहेर फारसं न पडता गेली. टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून त्यांनी केलेले काळे-पांढरे फोटो मी कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिले. रंग नाही हे लक्षातच येत नाही, कारण उजेड कुठून आलाय आणि कुठे थांबलाय यावरच सगळं उभं असतं. पाठवणीच्या वेळी ओसरीच्या दारातून एका बाजूने येणारा उजेड, बापाच्या धोतराच्या सुरकुत्या, मुलीच्या पाठीवरचा त्याचा हात: असा फोटो मी काढतानाच काळा-पांढरा म्हणून काढते. तिथे मागच्या निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या रंगीत ठेवल्या तर नजर त्यांच्याकडेच जाते.

खराब उजेड झाकायला काळा-पांढरा वापरणं मात्र मला पटत नाही. दुपारच्या लग्नात लाल-पिवळ्या मांडवाच्या कापडातून ऊन गाळून येतं आणि सगळी वऱ्हाडी मंडळी तांबडी होतात. ते व्हाइट बॅलन्सने, म्हणजे उजेडाची रंगछटा दुरुस्त करून, बरंच सावरतं, मेहनत लागते एवढंच. रात्री लॉन्सवर स्टेजचे जांभळे पार लाइट (रंगीत झोताचे दिवे) आणि व्हिडिओवाल्या भाऊंचा पांढरा लाइट एकाच चेहऱ्यावर पडले, तर मीही शेवटी ग्रेकडे जाते. पण फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलचा बनतो, आणि जांभळ्या उजेडात लाल आणि निळा चॅनल फुटलेला, म्हणजे तपशील जाऊन नुसता उजळ झालेला, असतो; नुसतं सॅच्युरेशन शून्य केलं की चेहरा मेणाचा होतो. हिरव्या चॅनलमध्ये बघा, नाक-डोळे बहुतेक तिथे सापडतात.

सगळा फोटो काळा-पांढरा आणि फक्त कुंकू लाल, हा प्रकार मी करत नाही. त्यावर वेळही घालवत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर तिथी सुरू होतील. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी फोटोग्राफरला ॲडव्हान्स देतानाच सांगून ठेवा: शूट रॉमध्ये करा, आणि काळा-पांढरा केलेल्या प्रत्येक फोटोची रंगीत फाइलही पेनड्राइव्हमध्ये द्या. नंतर मागितलं तर बहुतेक हार्डडिस्क रिकामी झालेली असते.