भूत उतरवणाऱ्यांच्या विरोधात बोलते, तरी हा सिनेमा का दाखवते?

"ताई, दिवसभर तुम्ही देवऋष्यांच्या विरोधात बोलता आणि रात्री शिबिरात झपाटलेल्या पोरीचा सिनेमा लावता. हे कसं काय?" अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करताना हा प्रश्न मला शिबिरात विचारतात, फोनवर विचारतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. विचारणाऱ्यांची शंका रास्त आहे. या सिनेमात सैतान चक्क खरा निघतो. मग बघणारा घरी काय घेऊन जाणार? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सिनेमा म्हणजे २०१६ सालचा कोरियन 'द वेलिंग', दिग्दर्शक ना होंग-जिन. दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्येला गोकसंग नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथली ही गोष्ट. पुढे शेवटही सांगणार आहे, तेव्हा ज्यांना कोऱ्या मनाने बघायचाय त्यांनी आधी बघून यावं. १५६ मिनिटांचा आहे, सवड काढून बसा. लहान मुलांना मी तो दाखवत नाही.

गावात माणसांच्या अंगावर पुरळ उठतं, ती वेडीपिशी होतात आणि आपल्याच घरच्यांचे जीव घेतात. बातम्यांमध्ये सांगतात, विषारी आळंबीमुळे झालं. गाव म्हणतं, डोंगरात एकटा राहणाऱ्या त्या जपानी म्हाताऱ्यामुळे. १९१० ते १९४५ कोरियावर जपानची सत्ता होती, त्यामुळे जपानी माणसावर संशय घ्यायला तिथे फारसं काही लागत नाही. त्याच्याविषयी जे कानावर येतं ते सगळं ऐकीव. कुणी म्हणे त्याला लंगोटीवर हरणाचं कच्चं मांस खाताना पाहिलं. जोंग-गु हा गावातला साधा, थोडा भित्रा पोलीस आधी हे हसण्यावारी नेतो. मग त्याच्याच मुलीच्या, ह्यो-जिनच्या अंगावर पुरळ दिसतं. ती अधाशासारखी खाते, बापाला नको त्या शिव्या घालते. दवाखाना होतो. सासू म्हणते, माहितीतला एक मांत्रिक आहे, बोलावू या.

इथून पुढे मला तो सिनेमा परका वाटतच नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवर कॉलेजातल्या मुलीला 'बाहेरचं' झालंय म्हणून आम्ही गेलो होतो. खुंटीला एक नायलॉनची पिशवी होती. तिच्यात दवाखान्याची फाईल, सीटी स्कॅनची काळी फिल्म आणि देवऋष्याने दिलेली अंगाऱ्याची पुडी, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. आई गोळी द्यायची आणि वरून चिमूटभर अंगारा लावायची. मला म्हणाली, "दोन्ही चालू ठेवलंय बाई. कशानं का हुईना, उतरू दे." या बाईला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आम्ही कार्यकर्तेही तसं करतो, फार करतो, आणि त्या घराचं दार आमच्यासाठी कायमचं बंद होतं.

सिनेमात जोंग-गु मांत्रिकाला विचारतो, एवढी माणसं असताना माझ्याच पोरीला का? मांत्रिक उलट विचारतो, गळ टाकताना काय लागणार हे तुला माहीत असतं का? त्या म्हाताऱ्याने गळ टाकला, तुझी पोर लागली. संपलं. आपल्याकडचा देवऋषी असं कधीच म्हणत नाही. तो कारण देतो. 'घरातल्याच कुणीतरी केलंय', 'कुळाचं काहीतरी राहिलंय', 'बांधाला बांध लागून असलेल्या बाईची नजर आहे'. आजाराला नाव मिळण्याआधी गुन्हेगाराला नाव मिळतं, आणि भावकीत पुढची कितीतरी वर्षं बोलाचाली बंद होते.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, लगोलग अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीची सुरुवातच भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं यापासून होते. पण त्याच अनुसूचीत दुसऱ्या माणसाला करणी करणारा ठरवणं, सैतान म्हणून जाहीर करणं हाही गुन्हा आहे. शिबिरात पहिला भाग सगळ्यांना पटकन पटतो. दुसरा पटायला जोंग-गु लागतो. म्हाताऱ्याच्या घरात मुलीचा बूट सापडल्याचं कळतं आणि हा पोलीस पंचनामा वगैरे विसरून त्याच्या घरावर चाल करून जातो, त्याचा कुत्रा मारतो, पुढे मित्र घेऊन त्याच्याच मागे लागतो. बघताना आपण जोंग-गुच्या बाजूने असतो. मीसुद्धा असते. 'मार त्याला' हे आपल्याच मनात उमटतं. व्याख्यानातून मला हे कुणाच्या मनात जागं करता आलेलं नाही.

शेवटाकडे पांढऱ्या कपड्यांतली अनामिक बाई त्याला सांगते, पोरीच्या बापाने दुसऱ्यावर संशय घेतला, त्याला मारायला गेला, त्याचा जीव घेतला, म्हणून हे झालं. तो कळवळून म्हणतो, पण माझी पोर आधी आजारी पडली! बरोबरच आहे त्याचं. पाप नंतरचं, शिक्षा आधीची. लेकराच्या दुखण्याचा दोष आपल्याच माथी येतो तेव्हा आईबापांचं हेच होतं, आणि इतक्या नेमकेपणाने ते दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मांत्रिकाचा विधी हा सिनेमातला सगळ्यात गाजलेला भाग. ढोल, झांजा, कोंबड्या, रक्त, लाकडी खांबात ठोकले जाणारे खिळे. इकडे मांत्रिकाचा विधी, तिकडे म्हाताऱ्याचा, मध्ये तळमळणारी पोर. संकलन असं केलंय की मांत्रिक म्हाताऱ्यावर घाव घालतोय असंच वाटत राहतं. शेवटी कळतं, मांत्रिक त्या म्हाताऱ्यालाच सामील आहे. मग प्रश्न पडतो, ते खिळे नक्की कुणाला टोचत होते? ते पोरीलाच टोचत होते, असं माझं मत आहे. ती प्रत्येक घावाला किंचाळते हे आपल्या डोळ्यांसमोर असतं, तरी आपण ढोलाच्या तालावर ते उपचार म्हणून बघत राहतो.

राहिला सैतान खरा असण्याचा आक्षेप. सिनेमात तो खरा आहे, हे मी कबूल करते. पण तो खरा असूनही जोंग-गुच्या एकाही कृतीने मुलगी वाचत नाही. त्याचा संशय बरोबर निघतो, मांत्रिकाला पैसे पोचतात, म्हातारा गाडीखाली येतो आणि त्याला दरीत टाकलं जातं, आणि घर तरीही उद्ध्वस्त होतं. 'भूत नसतंच' यावर रात्रभर वाद घालण्यापेक्षा, 'समजा असतं, तरी हे करून काय मिळालं?' हा प्रश्न गावात जास्त चालतो.

सिनेमा संपला की मी एवढंच विचारते, जोंग-गुने कुठे थांबायला हवं होतं? कुणी म्हणतं बूट सापडला तिथे, कुणी म्हणतं मांत्रिकाला घरात घेतलं तिथे. एका शिबिरात मागे बसलेली एक बाई म्हणाली, "थांबला असता, पर मग रातीला पोरीपाशी कोण बसलं असतं?" तेव्हापासून दुसऱ्या दिवशीचं सकाळचं पहिलं सत्र आम्ही यावरच घेतो. रात्री पेशंटजवळ पाळीपाळीने कोणी बसायचं, गोळ्या कोणी सांभाळायच्या, मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जायला एसटीला सोबत कोण जाणार, आणि देवऋषी दारात आलाच तर आईला पुढे न करता त्याच्याशी कोण बोलणार.